माझी लाल पिशवी आणि गल्लीचा शेअरबाजार

मी आयुष्यात एकही शेअर विकत घेतलेला नाही. तथापि मी लाल पिशवी घेऊन घराबाहेर पडलो की एका कंपनीचा भाव वर जात असे. यात माझा काहीही प्रयत्न नव्हता. मी केवळ चपला घालत असे.

ही गोष्ट प्रथम माझ्या लक्षात आली नाही (माझ्या लक्षात आणखी काय काय आले नाही, ते पुढे येईलच). ती लक्षात आणून दिली माझ्या मेहुण्याने, दिगंबरने. दिगू हा माझ्या पत्नीचा, सुशीलेचा, धाकटा भाऊ, मूळचा पाचोडचा. शेतकी खात्यातून निवृत्त झाल्यावर तो औरंगपुऱ्यात आमच्याच गल्लीत राहावयास आला आणि आमच्या बैठकीतील पंख्याखाली बसून मोबाइलवर शेअरची खरेदी-विक्री करू लागला. त्याच्या घरी पंखा नव्हता असे नव्हे. त्याच्या घरी त्याची पत्नी होती.

या व्यवहारात दिगूला प्रारंभापासून एक विचित्र अनुभव येत होता.

"दाजी, मी घेतलं की पडतं. कंटाळून विकलं की दुसऱ्या दिवशी चढतं. कुणीतरी बघतंय माझ्याकडं."

"कोण पाहणार तुझ्याकडे?"

"ते कळलं असतं तर मी त्याच्याकडं बघितलं नसतं व्हय?"

मी हसलो, परंतु एकदा ते मी स्वतः पाहिले. भर दुपार होती. गल्लीत चिटपाखरू नव्हते. मोबाइलच्या पडद्यावर एक हिरवा आकडा निश्चल उभा होता. दिगूने खरेदीसाठी त्यावर अंगठा टेकवला. आकडा क्षणभर तसाच राहिला, जणू पलीकडे कोणी श्वास रोखून धरला असावा. आणि मग तो लाल झाला आणि पायरी पायरीने खाली उतरू लागला. देवापुढे पान मांडावे, झाकण काढावे आणि भातावर आधीच कोणाच्या तरी बोटांचे ठसे दिसावेत, तसे मला वाटले. घरात तर दुसरे कोणी नव्हते.

मी साठ वर्षे संहिता आणि संस्कार यांत घालवली आहेत. भय वाटले की उपदेश करावा, असे माझे वळण आहे. मी म्हणालो, "दिगू, यात भूत नाही. ज्यांना आधी कळते, ते आधी घेतात आणि आधी विकतात. तुझ्यापर्यंत बातमी येते ती मोठ्या उत्सवातील प्रसादासारखी. सर्वांचे हात लागून, शेवटच्या पंगतीला."

"मग आधी कळायला काय करावं लागतं?"

"जिथे घडते तिथे आधी उपस्थित असावे लागते."

हे मी एक सामान्य तत्त्व म्हणून सांगितले. दिगूने मात्र मान वर केली आणि माझ्याकडे अशा दृष्टीने पाहिले की मला उपरणे सावरावेसे वाटले.

"दाजी," तो हळू आवाजात म्हणाला, "तुम्ही चिकलठाण्याला जाता नव्हं?"

जातो हे खरे होते. चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत रबराचे वायसर आणि नळ्या बनवणारा एक कारखाना आहे. नव्हे, होता. त्याचे नाव मी लिहीत नाही. नाव घेतल्याने गेलेले परत येते अशी समजूत आहे, आणि या प्रकरणातले जे परत यावे असे मला वाटते, ते काही तो कारखाना नव्हे. कारखान्याचे मालक रमाकांतराव माझे जुने यजमान. त्यांच्या वडिलांनी कंपनी शेअरबाजारात नेली, आणि त्याच वर्षी यंत्रांच्या मधोमध चौथऱ्यावर गणपती बसवला. प्राणप्रतिष्ठा मीच केली होती. तेव्हापासून नवे यंत्र आले, नवी शेड उभी राहिली, मोठे काम मिळाले की पूजेला मला बोलावणे येई. मंगलकार्याला मी लाल खणाची पिशवी नेतो, श्राद्धपक्षाला पांढरी. हा माझा साधा नेम. त्यातून कोणी अर्थशास्त्र निर्माण करील, हे माझ्या स्वप्नातही नव्हते.

दिगूने ते निर्माण केले. मी कोणत्या दिवशी चिकलठाण्यास गेलो होतो ते त्याने सुशीलेला विचारले, त्या दिवसांचे भाव पाहिले आणि तो पांढराफटक पडला.

"अक्का, दाजी निघाले की चढतं. प्रत्येक येळंला!"

मी निक्षून सांगितले की यजमानाच्या घरचे पुरोहिताने बाहेर बोलायचे नसते. दिगू म्हणाला, "तुम्ही कशाला बोलता? तुम्ही फक्त पिशवी धरा."

त्यानंतर आमच्या गल्लीत काहीतरी बदलले. काय, ते मला सांगता येत नव्हते. परंतु मी दाराबाहेर पाऊल टाकले की समोरच्या घरातील भांड्यांचा आवाज थांबे. वारा नसताना पडदे हलत. नळावरच्या बायका माझ्या चेहऱ्याकडे न पाहता हाताकडे पाहत. एकदा मी पांढरी पिशवी घेऊन निघालो, तर वरच्या गॅलरीतून कोणीतरी अत्यंत निराश असा निःश्वास सोडला. मी वर पाहिले. गॅलरी रिकामी होती, फक्त एक ओला टॉवेल हेलकावे खात होता. त्या दिवसांत मी रामरक्षा दोनदा म्हणत असे.

नेहमीचे रिक्षावाले शेखमामू हे माझे जुने स्नेही. त्यांनी मात्र सरळ सांगितले.

"बैठो गुरुजी. चिकलठाणा ना? लाल थैली है, मतलब खुशी का काम. अपन भी थोडे लेके रखे हैं."

"काय घेतलेत, मामू?"

"आपकी कंपनी के शेअर. पूरी गल्ली लेके बैठी है, आपकोच नै मालूम?"

मला खरोखरच नै मालूम होते.

मग वैशाखातली ती दुपार आली. रमाकांतरावांचा फोन आला. ते एवढेच म्हणाले, "गुरुजी, पूजा आहे. आजच या." मी लाल पिशवी उचलली. गल्लीत नेहमीप्रमाणे शांतता पसरली. दिगू पंख्याखाली बसून मोबाइल दोन्ही हातांनी धरून होता. निरांजन धरावे तसा.

कारखान्याच्या फाटकाशी पहारेकरी नव्हता. त्याची खुर्ची होती आणि खुर्चीवर त्याची टोपी होती. आत शिरलो आणि थबकलो. त्या शेडमध्ये मी कधीही स्वतःचा आवाज ऐकलेला नव्हता; यंत्रांच्या घरघरीत माझे मंत्र देवाला ऐकू जात असत एवढ्याच श्रद्धेवर मी ते म्हणत असे. आज तिथे टाचणी पडली असती तरी दचकलो असतो. यंत्रांवर पांढऱ्या चादरी घातल्या होत्या. रबराचा वास तेवढा जिवंत होता. चौथऱ्यापाशी रमाकांतराव एकटे, अनवाणी, उभे होते.

"कसली पूजा?" मी विचारले.

"उत्तरपूजा. बाप्पाला घरी नेतोय." ते जमिनीकडे पाहत म्हणाले, "कारखाना बंद करतोय, गुरुजी. मोठं गिऱ्हाईक गेलं. पुढच्या आठवड्यात जाहीर करणार. तोवर हे तुमच्यामाझ्यात. बाहेर गेलं तर माझ्यावर गुन्हा दाखल होईल. आणि ऐकून कुणी शेअर विकला, तर त्याच्यावरही."

मी पळीभर पाणी तळहातावर घेतले आणि वचन दिले. इतक्या वर्षांत यजमानाचे एक अक्षर मी बाहेर नेले नव्हते, याचा त्या क्षणी मला थोडा अभिमानही वाटला. (अभिमान वाटला की समजावे, काहीतरी पायाशी येऊन बसले आहे.)

उत्तरपूजा सुरू केली. माझा प्रत्येक शब्द पत्र्यावर आपटून परत येत होता. मी एक मंत्र म्हणे आणि शेडच्या अंधाऱ्या टोकाकडून तोच मंत्र किंचित उशिराने, किंचित जाड आवाजात, पुन्हा म्हटला जाई. मूर्तीवर अक्षता वाहण्याची वेळ आली. निरोपाच्या मंत्राच्या शेवटी दोन शब्द असतात, घरोघरी गणेशचतुर्थीनंतर सर्वांनी ऐकलेले: पुनरागमनाय च. पुन्हा येण्यासाठी.

"ते शेवटचं म्हणू नका," रमाकांतराव म्हणाले. "परत कुठं येणार? इथं काही राहणारच नाही. देवाला खोटं आमंत्रण नको."

मी ते दोन शब्द गिळले. मूर्ती जागेवरून हलवली. आणि मी न उच्चारलेल्या त्या शब्दांच्या जागी, शेडच्या टोकाकडून, कोणीतरी खोकले.

"कोण आहे तिकडे?"

"कुणी नाही," रमाकांतराव घाईने म्हणाले.

परतताना शेखमामू आरशातून माझ्याकडे पाहत राहिले.

"गुरुजी, चेहरा उतरा है."

"ऊन आहे, मामू."

"धूप तो रोज की है," ते म्हणाले आणि समोर पाहू लागले.

घरी पोहोचलो तो दिगू दारातच उभा. "दाजी, काय पूजा केली हो! तुम्ही तिथं बसलात आणि इथं उसळलंच!"

मी यंत्रांमधून देव उठवत होतो, त्याच घटकेला इकडे भाव वर चढत होता. सुशीलेने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि मला प्रथमच तिचे मनगट दिसले. त्यावर हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या. त्यांच्या मागेपुढे जिथे तिच्या आईच्या सोन्याच्या पाटल्या असत, तिथे फक्त दोन गोरे वळ होते.

"पाटल्या कुठे आहेत?"

"आत्ता दिसलं होय?" ती म्हणाली. "होळीपासून नाहीत."

"म्हणजे?"

"नाती दोन, पाटल्यांचा जोड एक. एकीला दिला तर दुसरी जन्मभर लक्षात ठेवील. दिगू म्हणाला, दिवाळीपर्यंत एकाचे दोन जोड होतील. सराफ्यात मोडल्या आणि तुमच्या कंपनीचे शेअर घेतले."

"माझी कंपनी नाही ती!"

"गल्लीत सगळे तसंच म्हणतात."

मी देवघरात जाऊन बसलो. एकीकडे तळहातावरचे पाणी, दुसरीकडे मनगटावरचे वळ. सांगावे तर वचन मोडते, शिवाय माझी साठी उलटलेली पत्नी आणि तिचा भाऊ कायद्याच्या दारात उभे राहतात. न सांगावे तर पाटल्या जातात. शास्त्रात अशा प्रसंगी काय करावे ते पुष्कळ सांगितले आहे. दुर्दैवाने ते दोन्ही बाजूंनी सांगितले आहे. अखेर मी मधला मार्ग काढला. मी मौन धारण केले.

याहून मोठी चूक मला करता आली नसती.

"गुरुजी बोलत नाहीत," ही वार्ता दिवेलागणीपूर्वी गल्लीच्या टोकापर्यंत गेली. दिगूने तिचा अर्थ लावला. "बातमी एवढी मोठी हाय की दाजींच्या तोंडात मावंना. आता थांबायचं नाय." सकाळी बाजार उघडताच त्याने आणखी शेअर घेतले. नळावरच्या बायकांनी घेतले. शेखमामूंनी घेतले. मी खुणा करून नाही, नाही असे सुचवले, तर दिगू म्हणाला, "बघा, नाय म्हणतायत. बाहेर सांगू नका म्हणतायत!"

तेव्हा मला एक युक्ती सुचली, आणि ती सुचली यावरूनच तिची योग्यता ओळखायला हवी होती. मी पांढरी पिशवी काढली. अशुभाची खूण एवढी तरी यांना कळेल, अशा विचाराने ती हातात धरून गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत संथपणे चालत गेलो आणि तसाच परत आलो. भर उन्हात, मौनात, पांढरी पिशवी घेऊन. कोणी शेअर विकले नाहीत. दारे मात्र हळूहळू उघडली. माणसे डोक्यावरच्या टोप्या काढून उभी राहिली. कोणीतरी दबल्या स्वरात विचारले, "कोण गेलं, गुरुजी?" मी अर्थातच उत्तर दिले नाही.

संध्याकाळी आमच्या घरी पिठलं-भात येऊ लागला. ज्या घरात माणूस जातो त्या घरात चूल पेटत नाही, म्हणून शेजारी शिजवून आणतात, तो पिठलं-भात. प्रथम समोरून आला, मग वरून आला, मग नळापलीकडून आला. सुशीला पातेली उतरवून घेत होती आणि तिचा चेहरा उतरत चालला होता.

"अहो, आपल्यातलं कोण गेलं? मला सांगा तरी! मुलीला फोन लावू का?"

मी नकारार्थी मान हलवली. ती रडू लागली. दिगूही रडू लागला. कोणासाठी ते त्याला ठाऊक नव्हते, परंतु नातेवाईक पुष्कळ असल्यामुळे कमी पडणार नव्हते. शेजारच्या बायका सुशीलेजवळ बसल्या. मी चौघांच्या मधे बसून, कोणीही न गेलेल्या घरातला सुतकाचा पिठलं-भात खाल्ला. आणि खरे सांगतो, तो घास गिळताना त्या चादरी पांघरलेल्या यंत्रांची रांग माझ्यासमोर उभी होती. गल्लीला एवढे अचूक कळले होते की काहीतरी गेले आहे. काय, ते सांगणारा मी एकटा होतो आणि माझे तोंड भरलेले होते.

दुसऱ्या दिवशी पूजा आटोपून मी निर्णय केला. वचन मोडल्याचे पाप माझे; पाटल्या तिच्या आईच्या. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो.

"सुशीले," मी म्हणालो. तिच्या हातातील झारा खाली पडला. "ऐक. ते सगळे शेअर विकून टाका. आत्ता."

तिने झारा उचलून कट्ट्यावर ठेवला.

"दिगू सकाळपासून तेच करतोय," ती म्हणाली.

बैठकीत दिगू पंख्याखाली बसला होता. मोबाइल मांडीवर होता. तो अंगठा टेकवत होता, पुन्हा टेकवत होता, आणि काहीही घडत नव्हते. बाजार उघडताच भाव कोसळला होता आणि विकणाऱ्यांची रांग लागली होती. घेणाऱ्याच्या जागी शून्य होते. बाजार चालू होता आणि त्यात माणूस नव्हता. त्या शेडसारखेच.

"दाजी, घेणाराच नाय हो कुणी," तो लहान मुलासारखा म्हणाला. "काल तर सगळे घेत होते. कोण होते ते?"

ते आपणच होतो, हे त्याला सांगावयास मला आणखी धीर लागला असता.

कारखाना बंद झाल्याची अधिकृत घोषणा नंतर झाली. ती वाचायला आमच्या गल्लीत कोणाला उत्साह उरला नव्हता. काही दिवसांनी रमाकांतराव उत्तरपूजेची दक्षिणा घेऊन घरी आले. सुशीलेने चहा ठेवला आणि आत जाऊन बसली. आतून काहीही ऐकू येत नव्हते, यावरून ती सर्व ऐकत होती हे मी जाणले.

"गुरुजी," ते म्हणाले, "तुम्ही एकटेच शब्दाला जागलात."

मी मान खाली घातली. मी वचन मोडले होते. केवळ इतक्या उशिरा मोडले होते की ते कोणाच्या लक्षात आले नाही.

"एकटाच म्हणजे? आणखी कोणाला ठाऊक होते?"

"तसं बाहेर कुणाला नव्हतं," ते म्हणाले. "आता बँकेला सांगावं लागतंच. गिऱ्हाईकच सोडून गेलं, म्हणजे त्यांना माहीत होतं. वकिलाला सांगितलं. भागीदारांना सांगितलं; त्यांनी घरी सांगितलं असेल. मुंबईतले मोठे शेअरवाले, त्यांना कुठून कळलं देव जाणे, त्यांनी तर शिमग्यापासून विकायला काढले होते. थोडं चढवायचं, गर्दी जमली की विकायचं."

"आणि त्या दुपारी मागे खोकले ते कोण?"

ते ओशाळले. "जुनं लोखंड घेणारे. यंत्रं मोजत होते. त्यांना आधी सांगितल्याशिवाय भाव कसा ठरणार?"

मी सावकाश विचारले, "मग रमाकांतराव, ठाऊक कोणाला नव्हते?"

त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. चहाचा कप खाली ठेवला.

"तुमच्या गल्लीला," ते म्हणाले.

म्हणजे जे गुपित मी तळहातावर पाणी घेऊन, मौन धरून, सुतकाचा भात खाऊन सांभाळले, ते लोखंडवाल्यालासुद्धा ठाऊक होते. ते मी केवळ माझ्याच घरापासून राखले होते, आणि तेही अत्यंत निष्ठेने.

आता गल्लीतला माझा भाव पडला आहे. मी कोणतीही पिशवी घेऊन निघालो तरी भांडी वाजत राहतात. शेखमामू आजही मला बसवतात, परंतु "किधर?" असे विचारण्यापूर्वी हात वर करून "बोलो मत, सिर्फ रास्ता बताओ" म्हणतात. जे शेअर कधीतरी विकले गेले, त्यात सुशीलेने दोन्ही नातींना चांदीची एकेक साखळी केली. भांडण झाले नाही. कोणालाच हवी नव्हती.

पाटल्यांची रिकामी मखमली डबी तिने देवघरात ठेवली आहे. रोज पूजा संपली की मी तिच्यावर दोन अक्षता वाहतो आणि त्या दुपारी गिळलेले ते दोन शब्द स्पष्ट उच्चारतो. कधी कधी डबीच्या झाकणाखाली काही हलल्याचा भास होतो. मी कान देतो.

परवा सुशीला मागे येऊन उभी राहिली. थोडा वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, "अहो, पुरे करा. पाटल्या गेल्या हे त्या डबीला होळीलाच कळलं होतं. तुम्हाला कळलं वैशाखात. परत आल्या तरी तिला आधी कळेल. ती सांगेल तुम्हाला, जमलं तर."